नाव सोडून सगळं

आजोबांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यावाचून तुमचं काही अडणार नाही. माझं मात्र त्या नावापायी दोन महिने अडलं होतं.

आजोबा एप्रिलच्या शेवटी अ‍ॅलिस शहरातल्या इस्पितळात वारले. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं नावही त्याच्याबरोबर जातं. ते कुणी तोंडातून काढायचं नाही, आणि त्याच नावाची जी जिवंत माणसं असतील त्यांनाही नुसतं कुन्मनारा, म्हणजे 'ज्याचं नाव घ्यायचं नाही तो', म्हणायचं. वर्षभर म्हणा, दोन वर्षं म्हणा, घरच्यांचं दुःख निवेपर्यंत. आजोबांचं नाव मिशनवाल्यांनी ठेवलेलं, साधंसुधं, त्यामुळे वस्तीत त्याच नावाचे आणखी चौघं होते. त्यातले तिघं आमच्या फुटबॉलच्या संघात. सगळा हिवाळा मैदानाच्या कडेने 'कुन्मनारा, इकडे टाक' अशी हाक गेली की तिघंही चेंडू सोडून वळून बघायचे, आणि आम्ही ओळीने चार सामने हरलो. तरी कुणी चुकूनसुद्धा जुनं नाव घेतलं नाही.

मी वस्तीच्या ऑफिसात काम करते. सात वर्षं झाली. पेन्शनचे फॉर्म, घराचे फॉर्म, गाडीच्या नोंदणीचे फॉर्म, लोकांची पत्रं वाचून दाखवणं, सरकारी फोन लावून देणं, हे माझं काम. सही राहिली म्हणून मी माझ्या सख्ख्या मावशीचा फॉर्म परत पाठवलाय आणि तिच्या शिव्याही खाल्ल्यात. तेव्हा आजोबा गेल्याचं पेन्शन खात्याला कळवायचं काम माझ्याकडे येणार हे कुणी सांगायची गरज नव्हती. मला त्यांनीच वाढवलं होतं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. कोरड्या ओढ्याच्या वाळूत टोयोटा चालवायला मला त्यांनीच शिकवलं, रुतली की हसत हसत ढकलायचेही तेच.

मे महिन्यात पुरणं झालं. मग वस्तीच्या पश्चिमेला, रिवाजाप्रमाणे, सुतकाचा तळ पडला. ताडपत्रीचे आडोसे, गाद्या, शेकोट्या, आणि भोवती आजोबांची सगळी माणसं. त्यांच्या वस्तू जाळल्या, जुन्या घराला धुरी दिली. जूनच्या मध्यापर्यंत एकेक जण उठून आपापल्या घरी परतला. एकटी आजी राहिली. तिच्यासाठी माझ्या शेजारचं घर मिळालं होतं, मी त्यात हीटर लावला होता, पण ती तळावरून हलायला तयार नव्हती. आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरायचा. तिचा खोकला ऑफिसपर्यंत ऐकू यायचा असं मी म्हणायचे, आणि ते फार खोटं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी दोन आठवडे ही बाई थंडीत झोपली तर छातीत पाणी धरेल, आणि मग तिलाही अ‍ॅलिसला न्यावं लागेल. त्या इस्पितळात आमच्या घरातलं आणखी कुणी न्यायची माझी तयारी नव्हती.

मी आजीच्या शेजारी गादीवर बसून तिला खूप समजावलं. ती काठीने निखारे हलवत राहिली.

"ते गेलेले नाहीत अजून," ती म्हणाली. "कसे जातील? ते लोक बोलावतात ना त्यांना."

"कोण लोक?"

तिने उशीजवळचा मोबाइल माझ्यासमोर आपटला.

मग सगळा प्रकार कळला. आजोबांनी जन्मात फोन जवळ बाळगला नाही, त्यामुळे पेन्शन खात्याकडे आजीचाच नंबर होता. त्यांचा कसला तरी वार्षिक फॉर्म राहिला होता. म्हणून एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी सकाळी खात्याचं यंत्र फोन करायचं. आधी नमस्कार, मग आजोबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, बाईच्या स्वच्छ आवाजात, आणि मग आपण फॉर्म भरलेला नाही. आजी पेन्शनवाल्यांचा फोन ओळखणार कशी? नंबर दिसायचाच नाही. बंद करून ठेव म्हणावं, तर तिच्या बहिणी तीनशे किलोमीटरवरून रोज त्याच फोनवर तिच्याबरोबर रडायच्या. तीन वेळा तिने फोन उचलला होता आणि तीनही वेळा कुणीतरी तिच्या कानात तिच्या नवऱ्याला हाक मारली होती.

मला इतका राग आला की काय सांगू. तो राग खात्यावर काढता आला असता तर बरं झालं असतं. पण मी फॉर्म पाठवून पाच आठवडे झाले होते आणि खात्याचं उत्तरही त्याच दिवशी टपालाच्या थैलीत आलं. पत्रात लिहिलं होतं की आपण कळवलेल्या नावाची कोणतीही व्यक्ती आमच्या नोंदीत आढळत नाही.

मी ऑफिसातली प्रत काढून बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. मृताचं पूर्ण नाव, या रकान्यात माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, कुन्मनारा. हात तिथे आल्यावर आपोआप वळला असणार. ग्राहक क्रमांकाचा रकाना रिकामा होता. मावशीचा फॉर्म एका सहीसाठी परत पाठवणारी ती हीच. मावशीला हे कळलं असतं तर तिने ख्रिसमसपर्यंत मला चिडवलं असतं, म्हणून मी ती प्रत घडी करून खिशात टाकली.

आता फोनच करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसातून लावला आणि सत्तर मिनिटं त्यांचं संगीत ऐकलं. तोवर खोलीत माणसं जमली. कुणाला गाडीची नोंदणी, कुणाला मुलाच्या शाळेचं पत्र, आणि अगदी माझ्या समोरच्या खुर्चीत आजोबांची धाकटी बहीण जोसेफीन, म्हणजे माझी आत्तेआजी. तिला काही काम नव्हतं. ऑफिसात ऊब असते म्हणून ती रोज येऊन बसते आणि कोण कशाला आलंय हे नीट ऐकून घेते.

फोनवर शेवटी एक मुलगा आला. चांगला मुलगा होता, फक्त पडद्यावरचं वाचून विचारत होता. मी सांगितलं की माझे आजोबा वारलेत, त्यांची पेन्शन बंद करा आणि मुख्य म्हणजे ते फोन बंद करा. त्याने खेद व्यक्त केला आणि ग्राहक क्रमांक विचारला. क्रमांक कार्डावर होता. कार्ड त्यांच्या पत्र्याच्या डबीत होतं, आणि डबी आम्ही त्यांच्या वळकटीबरोबर जाळली होती. हे मी त्याला सांगितलं नाही, कार्ड हरवलं म्हटलं.

मग जन्मतारीख चालेल म्हणाला. मी मोठ्या आनंदाने एक जुलै सांगितली. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या जन्माच्या वेळी कुणाजवळ कॅलेंडर होतं? मिशनवाल्यांनी सगळ्यांना एकच तारीख वाटून टाकली, त्यामुळे आमची अर्धी म्हातारी मंडळी एक जुलैलाच जन्मलीत. मुलगा म्हणाला की आपल्या वस्तीच्या पत्त्यावर त्या तारखेचे अकरा जण दिसताहेत.

"मॅडम, मग मृताचं पूर्ण नाव सांगावं लागेल."

मी समोर बघितलं. आत्तेआजी माझ्याकडेच बघत होती. तिला इंग्रजी कळत नाही असं ती सगळ्यांना सांगते, पण तेवढं तिला बरोबर कळलं.

"नाव सोडून सगळं सांगते," मी म्हणाले. "इस्पितळ सांगते, तारीख सांगते, बायकोचं नाव सांगते."

"नावाशिवाय मला पुढे जाता येत नाही, मॅडम. आणि तुम्ही ते स्वतः बोलायला हवं. संभाषण नोंदवलं जातं."

मी विचार करून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. सत्तर मिनिटं गेली ती गेलीच.

आत्तेआजी खुर्चीतून उठली. मला वाटलं आता ती बोलणार, पण ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "तू घेणार होतीस का गं?" मी नाही म्हणाले. तिने मान हलवली आणि त्या दिवशी ऑफिसातली ऊब सोडून ती घरी गेली.

मग मला ग्रॅहम सुचला. ग्रॅहम आमचं दुकान चालवतो. गोरा माणूस आहे, चौदा वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी म्हणून आला होता. त्याला आमच्या रीतीभाती लागू नाहीत, त्याने नाव घेतलं तर कुणाचं काय बिघडणार? मी गोठवलेल्या कांगारूच्या शेपट्यांच्या पेटीआड त्याला गाठलं आणि सांगितलं की मी फोन लावते, तू फक्त दोन शब्द बोल. तो शेपट्या रचत होता. त्याने हातमोजे काढले, दाढी खाजवली, दोनदा तोंड उघडलं.

"मलाही नाही जमत गं आता," तो म्हणाला. "हिशोबाच्या वहीत त्यांचं पान आहे ना, त्यावर मीच कागद चिकटवलाय."

मी दोन शेपट्या घेतल्या आणि बाहेर पडले.

राहिला एकच मार्ग. शनिवारी दुपारी मी टोयोटा काढली आणि विमानाच्या धावपट्टीमागच्या टेकडीवर गेले. तिथून चारी बाजूंना लाल जमीन आणि स्पिनिफेक्स गवत. माणूस काय, कुत्रंसुद्धा नाही. म्हटलं इथे एकदा म्हणून बघू. इथे जमलं तर सोमवारी इथूनच फोन लावू, कुणाला कळणारही नाही. मी गाडीच्या काचा वर केल्या. वर करायचं काही कारण नव्हतं, पण केल्या. मग तोंड उघडलं.

नाव जिभेवर होतं. लहानपणी ते मी हजारदा ऐकलंय, दवाखान्यात, दुकानात, फुटबॉलच्या मैदानावर. पहिलं अक्षर बाहेर येईल असं वाटलं आणि त्याच क्षणी मला शेजारच्या सीटवर ते बसलेले जाणवले. भीती वाटली असं नाही. उलट वाटलं की म्हटलं तर ते खरंच वळून 'काय गं' म्हणतील, आणि मग मी त्यांना परत जाऊ देणार नाही. आजीचं बरोबर होतं. बोलावलं तर माणूस येतो. दोन महिन्यांत मी धड रडले नव्हते, फॉर्मच भरत होते. त्या दिवशी गाडीच्या काचा बंद करून मी पोटभर रडले, नाव न घेता.

उतरताना मी ठरवलं की आजीला खरं काय ते सांगायचं. माझ्याच्याने होत नाही, फोन येत राहणार, निदान थंडीचं तरी घरात चल. मी थेट तळावर गेले. शेकोटीत राख बाजूला करून आम्ही शेपट्या भाजायला पुरल्या, वर निखारे ओढले, चहा ठेवला. चहा होईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं, कुन्मनारा लिहिलेल्या फॉर्मसकट. ती प्रत खिशातून काढून दाखवलीही. आजी हसली. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली आणि पाठ चोळता चोळता माझा जीव अर्धा झाला.

"कार्ड असतं तर एका मिनिटाचं काम होतं," मी म्हणाले. "त्यांना नाव नकोच असतं खरं तर. त्यांना नंबर लागतो."

"नंबर?"

"त्यांचा नंबर. कार्डावर असतो तो."

आजीने चहाचा कप खाली ठेवला. "मग नंबर हवाय असं सांग ना, बये. तू आपली दोन महिने कार्ड कुठाय, कार्ड कुठाय करतेस. कार्ड जळलं. नंबर कसा जळेल?"

आणि ती म्हणायला लागली.

आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणी गुरांच्या फार्मवर त्यांचं नाव प्रत्येक कारकुनाने वेगवेगळं लिहिलं आणि प्रत्येक वेळी त्यांचीच चूक निघाली. म्हणून पेन्शन सुरू झाली तेव्हा त्यांनी आपला नंबर पाठ करून टाकला. दर दुसऱ्या गुरुवारी ऑफिसच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले की मोठ्याने म्हणायचे. तीन आकडे, थांबायचं, तीन आकडे, थांबायचं, तीन आकडे आणि शेवटी इंग्रजी अक्षर, ते जरा लांबवून. त्याला त्यांनी चालच लावली होती. आजी वीस वर्षं त्या रांगेत त्यांच्या मागे उभी होती. आता ती काठीने जमिनीवर ठेका धरून तीच चाल म्हणत होती. त्यांच्या थांबण्याच्या जागी थांबत होती. मीही ऑफिसात सात वर्षं ते ऐकलं होतं, तरी मला एक आकडा आठवला नव्हता. मी फॉर्मच्या पाठीवर नंबर लिहून घेतला. घाईत अक्षर काही सुंदर आलं नाही.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला कुलूप लावलं, दारावर 'येते' असं लिहिलं आणि तळावरून, आजीच्या शेजारी बसून, तिच्याच फोनवरून लावलं. तिथे सिग्नल कसाबसा येतो. पन्नास मिनिटांनी एक बाई आली. नाव नादिया सांगितलं. तिला आजीची संमती हवी होती, ती आजीने दिली. मी नंबर वाचला. पलीकडे बटणांचा आवाज झाला.

"सापडलं," नादिया म्हणाली. "तर मग मी खात्री करून घेते, हे श्री..."

"थांबा," मी म्हणाले. फोन स्पीकरवर होता. "नाव घेऊ नका. त्यांची बायको इथे माझ्याजवळ बसलीय."

मला वाटलं, आता ही नियम सांगणार.

"बरं," ती म्हणाली. "नाही घेत. मी माझ्यापुरतं वाचलं. पत्ता तुम्ही सांगा, इस्पितळाचं नाव सांगा, बायकोचं नाव सांगा, तेवढ्यावर मला पुढे जाता येईल."

मी सगळं सांगितलं. तारीखही सांगितली. ती प्रत्येकाला हं म्हणत गेली. मधे एकदा आजी खोकली तर थांबली, आणि आजींनी औषध घेतलंय का असं विचारलं. मला तिच्याबद्दल एकदम माया वाटली. आधीच्या फोनवरच्या मुलाबद्दलही वाटली म्हणा, त्याच्या पडद्यावर आजी नव्हती.

"फोन आणि पत्रं आजपासून बंद होतील," नादिया म्हणाली. "त्यांचा हा ग्राहक क्रमांकही मी आता बंद करतेय. तो परत कुणालाही दिला जात नाही."

आजीने माझा दंड धरला. काय म्हणाली ती, सांग. मी आमच्या भाषेत सांगितलं.

"म्हणजे आता तेही तो तोंडातून काढणार नाहीत?"

"नाही काढणार."

"त्यांच्यातही रीत आहे म्हणायची," आजी म्हणाली. मग जरा सरसावून बसली. "तिला विचार, बंद करायच्या आधी मी एकदा म्हणू का."

हे मी नादियाला कसं विचारलं ते मला आठवत नाही. ती म्हणाली, म्हणू दे, मी थांबते.

आजीने काठी उचलली. तीन आकडे, थांबली. तीन आकडे, थांबली. पुढच्या तीनला तिचा आवाज बारीक झाला, पण तिने ठेका सोडला नाही, आणि शेवटचं अक्षर आजोबांसारखंच लांबवत नेलं, पार श्वास संपेपर्यंत. नादियाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "झालं. बंद केला." आणि आम्हा दोघींना नमस्कार सांगून तिने फोन ठेवला.

आजीने माझ्यापुढे हात केला. तिला काय हवंय ते मला आधी कळलंच नाही. मग मी तो कागद तिच्या हातात दिला, पुढे कुन्मनारा आणि मागे नंबर. तिने तो आजोबांच्या इतर वस्तूंसारखाच शेकोटीत ठेवला आणि पूर्ण जळेपर्यंत काठीने धरून ठेवला.

"चल," ती म्हणाली. "गादी तू घे, जड आहे. हीटर लावलायस म्हणत होतीस ना?"

मी गादीची वळकटी बांधायला घेतली. सात वर्षांत ऑफिसातल्या प्रत्येक कागदाच्या मी तीन तीन प्रती काढल्या आहेत. त्या जळालेल्या कागदाची एकही ठेवली नव्हती.